नागपूर परिसरातील उभयचर व सरपटणाऱ्या प्राण्यांची वीण

नागपूर परिसरातील बेडकांचा विणीचा हंगाम मृगाच्या पहिल्या दमदार सरींनी सुरू होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना जमिनीत दडून राहिलेले बेडूक एका रात्रीत वर येतात. एरवी शेवाळी रंगाचा दिसणारा बैल-बेडकाचा नर या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि डरावताना गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवतो. झाडबेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर आपला स्राव मागच्या पायांनी घुसळून फेसाचे घरटे करते. काही दिवसांनी त्यातले भैकेर खालच्या पाण्यात टपकतात. मोठ्या तलावांत मासे अंडी व भैकेर खातात, म्हणून बहुतेक जाती पावसाळी डबकी, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या निवडतात. पाणी आटण्याआधी भैकेराचा बेडूक झाला पाहिजे, एवढीच त्यांना मुदत.

सरपटणाऱ्या प्राण्यांची भिस्त कोरड्या, उबदार जमिनीवर असते. घोरपड पावसाळ्यात बहुधा वारुळात अंडी घालते; ती उबायला साडेपाच ते आठ महिने लागतात. नागीण अंड्यांची राखण करते. अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून स्नायूंच्या थरथरीने ऊब देते, तर घोणस थेट पिल्लांना जन्म देते. एकमेकांना पिळे घालून उभ्या राहणाऱ्या दोन धामणी जोडपे समजल्या जातात. प्रत्यक्षात ती दोन नरांची झुंज असते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अजगर व घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. प्राण्याला असे संरक्षण मिळाले, पण त्याच्या विणीच्या जागेला मिळाले नाही, आणि खरी उणीव हीच आहे. पाणथळ जागांबाबतच्या २०१७ च्या नियमांतून भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. त्यामुळे पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (जुने सिंचन) तलाव, बोड्या व बांध्या या नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. पेंच व उमरेड-कऱ्हांडला येथील वनांत हा अधिवास टिकून आहे. शहराच्या कडेला मात्र नवे ले-आउट पाडताना डबकी बुजतात आणि उन्हाळ्यात वारुळे सपाट होतात. घोरपडीची अंडी तेव्हा आत असू शकतात, म्हणून असे सपाटीकरण विशेष घातक ठरते. तलावांचा गाळ काढताना एक काठ उथळ उताराचा ठेवणे आणि शेताच्या धुऱ्यांवरचे गवत न जाळणे हे उपाय कमी खर्चाचे व गावपातळीवर होण्याजोगे आहेत.