अदिश मूल्याची परीक्षा : पीएचपी भाषेच्या इतिहासातील एक प्रकरण

‘अदिश’ ही संज्ञा संगणकशास्त्राने गणितापासून घेतली आहे. आयरिश गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन याने इ. स. १८४३ मध्ये क्वाटर्नियन या संख्यांचा शोध लावला; आणि पुढील विवेचनात त्या संख्येच्या ज्या भागाचे मूल्य एकाच मापश्रेणीवर दाखविता येते त्यास, शिडी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘स्केलर’ हे नाव दिले. संगणकभाषांत ही संज्ञा आली तेव्हा दिशेचा संदर्भ गळून पडला. भाषा ज्या मूल्यास एकसंध मानते, अनेक मूल्यांचा संग्रह मानीत नाही, ते अदिश मूल्य असा अर्थ तेथे रूढ झाला.

रास्मुस लेरडॉर्फ याने १९९५ च्या जून महिन्यात पीएचपीचे पहिले रूप प्रसिद्ध केले. तो सी भाषेत लिहिलेल्या लहान प्रोग्रॅमांचा एक संच होता. पुढे त्याला भाषेचे स्वरूप आले तेव्हा चलाच्या नावापूर्वी डॉलरचिन्ह लिहिण्याची पर्ल भाषेतील पद्धत तिने स्वीकारली. परंतु पर्लमध्ये या चिन्हाला निश्चित अर्थ होता : डॉलरचिन्ह अदिश चलाचे, तर संग्रहरूप चलांसाठी चिन्हे निराळी. पीएचपीने चिन्ह घेतले, भेद मात्र घेतला नाही. पूर्णांक असो, अक्षरमाला असो वा शेकडो मूल्यांचा अ‍ॅरे असो, चिन्ह एकच. शिवाय चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागत नसे आणि एकाच चलात प्रथम संख्या व मागाहून अ‍ॅरे ठेवता येई. तेव्हा चलात काय आहे हे नावावरून कळेना. ते प्रत्यक्ष तपासूनच पाहणे प्राप्त झाले.

ही अडचण केवळ तात्त्विक नव्हती. वेबवरील अर्जातून येणारी माहिती पीएचपी आपोआप चलांत भरते, आणि अर्जातील रकान्याच्या नावापुढे चौकटी कंस जोडल्यास अक्षरमालेऐवजी अ‍ॅरे तयार होतो. हा कंस जोडणे पाठविणाऱ्याच्या हाती असते. दोन अक्षरमालांची तुलना करून त्या समान असल्यास शून्य देणारे एक फंक्शन या भाषेत आहे. ५.३ या आवृत्तीपासून (२००९) सातव्या मालिकेच्या अखेरपर्यंत, त्याला अ‍ॅरे दिला असता ते इशारा देऊन ‘नल’ परत करी; आणि सैल तुलनेत नल व शून्य समान ठरतात. अशा रीतीने तपासलेला परवलीचा शब्द, मुळीच ठाऊक नसतानाही, बरोबर ठरू शके. आलेले मूल्य अदिश आहे काय, एवढा एक प्रश्न आधी विचारला असता हे दार बंद राहिले असते.

हा प्रश्न एका शब्दात विचारण्याची सोय ४.०.५ या आवृत्तीत (२००१) ‘इज-स्केलर’ या फंक्शनाच्या रूपाने झाली. तोपर्यंत एकेका प्रकाराची स्वतंत्र चाचणी घेऊन त्यांची बेरीज करावी लागे. या फंक्शनाने पूर्णांक, दशांश संख्या, अक्षरमाला आणि सत्यासत्य मूल्य हे चार प्रकार अदिश मानले. अ‍ॅरे व ऑब्जेक्ट वगळले. नल हाही वगळला गेला, कारण तो मूल्याचा अभाव दर्शवितो. आणि जे नाही ते साधे की संयुक्त, हा प्रश्नच उद्भवत नाही.

खरा विवाद्य प्रकार ‘रिसोर्स’ हा होय. उघडलेली फाइल किंवा जोडलेले कनेक्शन यांची ओळख पटविणारे हे मूल्य आतून केवळ एक पूर्णांकच होते. तरीही त्यास अदिश मानले गेले नाही. पूर्णांक हा आजच्या बांधणीचा तपशील आहे, तो बदलू शकेल, म्हणून त्यावर विसंबू नये, असे भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत नमूद होते. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीत चित्रे हाताळणाऱ्या जीडी व जाळ्यावरून माहिती आणणाऱ्या कर्ल या विभागांतील रिसोर्स ऑब्जेक्टमध्ये रूपांतरित झाले. ‘हे मूल्य रिसोर्स आहे काय’ ही जुनी चाचणी तेथे नकारार्थी उत्तर देऊ लागली आणि अनेक प्रोग्रॅम दुरुस्त करावे लागले. ‘इज-स्केलर’चे उत्तर मात्र पूर्वीही ‘नाही’ होते आणि नंतरही ‘नाही’च राहिले. ज्या चाचणीने वस्तूच्या आतील बांधणीऐवजी तिचा अर्थ प्रमाण मानला, तीच बांधणी बदलल्यावर टिकली.

दरम्यान प्रकार घोषित करण्याची प्रथा या भाषेत हळूहळू शिरली होती. फंक्शनाच्या निविष्ट मूल्यांसाठी २००४ मध्ये क्लासची, पुढे अ‍ॅरेची, आणि ७.० मध्ये (डिसेंबर २०१५) चारही अदिश प्रकारांची घोषणा शक्य झाली. ८.० मध्ये अनेक प्रकारांचा संयोग लिहिता येऊ लागला. जी परीक्षा पूर्वी फंक्शनाच्या पोटात होई, ती आता त्याच्या उंबरठ्यावरच करता येते.

तथापि, यामुळे ‘इज-स्केलर’ निरुपयोगी झाले असे म्हणता येत नाही. घोषणा बांधून ठेवते ती प्रोग्रॅमच्या आतील व्यवहाराला. बाहेरून येणारी माहिती कोणत्याही घोषणेने बांधलेली नसते. डॉलरचिन्हाने जो भेद सांगावयाचे सोडले, तो सीमेवर कोणीतरी विचारलाच पाहिजे.