मिठात आयोडीन आलं कुठून?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकापाठोपाठ एक येतात. भातशेती, खाडीची मासळी आणि मिठागरं यांवर पोसलेला हा आगरी मुलूख. मीठ इथं डोळ्यांदेखत पिकायचं, त्यामुळे समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते नावापुरतंच असतं, आणि त्याचं कारण मिठागरातच सापडतं.

पावसाळा सरला की उधाणाचं पाणी बांधातल्या उघाडीतून आत घेतात. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकताना ते उन्हानं आटत, दाट होत जातं. समुद्राचं पाणी असतं साधारण ३ अंश बोमे (हे खाऱ्या पाण्याच्या दाटपणाचं माप). आटता आटता आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाला बसतात, आणि २५ अंशांच्या आसपास मिठाचा खडा धरू लागतो. सगळं पाणी आटेपर्यंत मात्र कुणी थांबत नाही. शेवटी उरलेलं कडवट, मॅग्नेशियमने भरलेलं पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर मीठ कडू होतं आणि ओल धरतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. ते मिठाच्या खड्यात फारसं शिरतच नाही, त्या कडू पाण्यासोबत निघून जातं.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा गोष्टीची दखल घ्यायला पोषणशास्त्राला बराच काळ लागला. विल्यम प्राउट या इंग्रज डॉक्टरने १८२७ साली अन्नाचे तीन मुख्य घटक सांगितले: शर्करामय, स्निग्ध आणि प्रथिनमय. आजची कर्बोदकं, मेद आणि प्रथिनं ती हीच. ही स्थूल पोषकद्रव्यं रोज कित्येक ग्रॅम लागतात, शरीराला ऊर्जा देतात, शरीर बांधतात. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी देतात, मेद ९. जीवनसत्त्वं आणि लोह, जस्त, आयोडीन यांसारखी खनिजं ही सूक्ष्म पोषकद्रव्यं. त्यांतून एक कॅलरीही मिळत नाही, पण मिळालेली ऊर्जा वापरायची कशी, रक्त आणि संप्रेरकं घडवायची कशी, हे त्यांच्यावाचून अडतं. म्हणूनच भरल्या पोटीही माणूस कुपोषित राहू शकतो.

आयोडीन सापडलं १८११ साली, बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनकाराला, समुद्रशेवाळाच्या राखेत. १८२० साली जिनिव्हाच्या कॉइंदे या डॉक्टरने ते गलगंडावर देऊन पाहिलं. गुण येई, पण मात्रा जास्त झाली की रोगी हैराण होत, त्यामुळे उपचार बदनाम झाला. औषध खरं होतं, मापाचा अंदाज चुकला होता. पुढे १८९५ साली बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला खुद्द थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन आढळलं. या ग्रंथीचं थायरॉक्सिन हे संप्रेरक बनायला आयोडीनचे चार अणू लागतात. ते मिळाले नाहीत की ग्रंथी फुगते, गळ्यावर गाठ दिसू लागते, तोच गलगंड. गळ्यावरची गाठ निदान दिसते तरी. गर्भारपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. सत्तर वर्षांचा हिशेब केला तरी चार ग्रॅम भरत नाही. पण ते एकदम घेऊन साठवता येत नाही, रोजच्या रोज मिळावं लागतं. मग रोज, गरीब-श्रीमंत सगळ्यांच्या पोटात, साधारण सारख्याच प्रमाणात जाणारा पदार्थ कोणता? मीठ! स्वित्झर्लंडने १९२२ साली हा मार्ग धरला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९२४ साली.

भारतातला पुरावा मिळाला हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेलं मीठ दिलं, तिसऱ्याला साधं. काही वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड ठळकपणे उतरला, तिसऱ्यात तसाच राहिला. मग १९६२ साली तिसऱ्या भागालाही तेच मीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. पुढच्या पाहण्यांत महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत गलगंड आढळला, म्हणजे हा फक्त डोंगराळ भागाचा आजार नव्हता. आपल्या दमट हवेत पोटॅशियम आयोडाइड टिकत नाही, म्हणून इथं पोटॅशियम आयोडेट वापरतात. १९८३ साली टाटांचं पाकीटबंद आयोडीनयुक्त मीठ बाजारात आलं, आणि जाड्या मिठाच्या बरण्यांत हळूहळू बारीक मीठ शिरलं.

खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला १९९८ पासून देशभर बंदी झाली. २००० साली केंद्राने ती उठवली, २००६ च्या मे महिन्यात पुन्हा लावली. याचा भार लहान मिठागरवाल्यांवर पडला. खडेमीठ थेट खाण्यासाठी विकण्याची वाट बंद झाली. गिऱ्हाईक राहिले ते मासळी खारवणारे, बर्फवाले, चामडं कमावणारे आणि कारखाने. मिठागरवाल्यांचं दुखणं खरं आहे, त्यांना आयोडीन घालण्याची सोय जवळ आणि स्वस्तात मिळायला हवी होती. तरीही बंदीचा निर्णय योग्यच होता, कारण न जन्मलेल्या बाळाला दुकानात जाऊन मीठ निवडता येत नाही.

ग्राहकाच्या हाती पडताना मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. रक्तदाबापायी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, तेव्हा एवढ्याने निम्मीच गरज भागेल. उत्पादनाच्या वेळी याहून जास्त घालायचं ते वाटेतली घट धरून. म्हणून पाकीट शेगडीशेजारी उघडं ठेवू नये. ओल आणि उष्णतेने आयोडीन उडतं. राई-उत्तनच्या घरात ताटात समुद्राची मासळी असते, ती थोडी भर घालते. घाटावर तो आधार क्वचित.

आता याच मिठातून लोहही पोचवायची खटपट चालू आहे. अडचण अशी की लोह आणि आयोडीन एकत्र आली की आयोडीन निसटतं आणि मिठाचा रंग बदलतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून दोन्ही टिकवण्याची कृती बसवली. मात्र रंग बदललेलं मीठ घरची बाई भाजीत घालेल का, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.