दुसऱ्या खिडकीजवळची राणी

आपल्या रावेर-यावल पट्ट्यात जमिनीत काही सापडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सोनं होतं का?" आजची गोष्ट एका हाडाची आहे. त्याची ओळख पटली, कारण ते नेमकं कुठे ठेवलंय हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

चला गोव्याला. पणजी आणि जुनं गोवं ज्यावर वसलंय तो तिसवाडी तालुका म्हणजे खरं तर बेटच. १५७२ मध्ये तिथे ऑगस्टिनियन पंथाचे ख्रिस्ती संन्यासी आले. टेकडीवर त्यांनी मठ बांधला, १६०२ च्या सुमारास मोठं चर्च उभं राहिलं. त्याचा टॉवर तब्बल ४६ मीटर उंच! आपल्या शेजारचा असीरगड अकबराने जिंकला १६०१ मध्ये. म्हणजे काळ साधारण तोच.

आता राणी. तिचं नाव केतेवान, जॉर्जियातल्या काखेती राज्याची. इराणच्या शाह अब्बासने तिला ओलीस ठेवलं. धर्म बदलायला तिने नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये शिराझ शहरात तिला हाल करून मारलं. तिथे असलेल्या ऑगस्टिनियन संन्याशांनी तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले. त्यातलं हाताचं हाड १६२७ मध्ये गोव्याच्या मठात पोचलं. जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागासुद्धा दिलीय: मठातलं प्रार्थनागृह, दुसऱ्या खिडकीजवळ, काळ्या दगडाची पेटी.

पण पुढे खिडकीच राहिली नाही ना! १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि टॉवरचा अर्धा भाग पडला. सगळीकडे जांभ्या दगडाचे ढीग आणि झाडोरा.

१९८० च्या दशकाच्या शेवटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने शोध सुरू केला. जॉर्जियाहूनही तज्ज्ञ आले. ढिगारा उपसायचा, भिंतींचे पाये शोधायचे, त्यावरून कुठली खोली कुठे होती ते ठरवायचं, मग खिडक्या मोजायच्या. वर्षानुवर्षं हेच काम. २००४ मध्ये हाताच्या लांब हाडाचा तुकडा मिळाला.

सापडली राणी? थांबा. मठातून आणखी दोन हाडंही मिळाली होती. मग कुठलं कुणाचं? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने तिन्ही हाडांमधला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. दोन हाडं निघाली भारतात नेहमी आढळणाऱ्या गटातली. तिसऱ्याचा गट होता यू१बी. भारतीय उपखंडातल्या २२ हजारांहून जास्त नमुन्यांत तो एकदाही नव्हता, जॉर्जियातल्या ३० जणांपैकी दोघांत मात्र होता.

तरी शास्त्रज्ञांनी काय लिहिलं? "बहुधा" हे हाड राणीचंच. मला हा "बहुधा" फार आवडतो. एकटा डीएनए नाव सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की ही व्यक्ती त्या भागातली असू शकते. नाव येतं कागदातून आणि जागेतून. तिन्ही जुळले तेव्हा खात्री वाढली. जुलै २०२१ मध्ये भारताने या अवशेषाचा एक भाग जॉर्जियाला दिला. तिथे केतेवानला संत मानतात.

आता आपल्याकडे या. गिरणाकाठच्या बहाळला, तापीकाठच्या प्रकाशाला १९५० च्या दशकात उत्खनन झालं आणि खान्देशातली तांब्या-दगडाच्या काळातली वस्ती थरांसकट समजली. पण कितीतरी गावांची पांढरी आपण ट्रॉल्या भरभरून शेतात टाकली. त्या मातीतलं खापर अजूनही सापडतं, पण ते कुठल्या थरातलं हे आता कुणीच सांगू शकत नाही. समजा, गोव्याचं ते हाड कुणी उचलून दुसरीकडे ठेवलं असतं, तर डीएनए तपासूनही राणीचं नाव पुढे आलं नसतं.

म्हणून नांगरताना, पाया खणताना काही लागलं, तर उचलू नका. मोबाईल आहेच खिशात: जागेसकट फोटो काढा, लोकेशन ठेवा आणि तहसील ऑफिसला कळवा. वस्तू सगळ्यांना दिसते, पण तिची जागा एकदा हलली की परत मिळत नाही.

भेटू पुढच्या भागात!