न पाहिलेलं लाव्हा सरोवर कुणी शोधलं?

एखादी गोष्ट कुणीच डोळ्यांनी पाहिलेली नसताना ती ‘शोधली’ असं म्हणता येतं का? माझ्या प्रबंधात हा प्रश्न सारखा डोकं वर काढतो. तो समजावून सांगायला माउंट मायकलइतकं चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

नकाशा उघडा. दक्षिण अटलांटिकमध्ये, दक्षिण जॉर्जियाच्याही पलीकडे, धनुष्यासारखी वाकलेली बेटांची एक रांग दिसेल. ही साउथ सँडविच बेटं. कायमची वस्ती नाही, विमानतळ नाही, आणि हवामान असं की ढग बाजूला झाला तरच नशीब. यातलं सॉन्डर्स बेट जेम्स कुकला १७७५ मध्ये दिसलं. ही सगळी सुटी बेटं आहेत की दक्षिणेकडच्या मोठ्या भूखंडाचं टोक, हे मात्र त्याला ठरवता आलं नाही. ते कोडं १८१९-२० च्या सफरीत रशियाच्या बेलिंग्सहाउझेनने सोडवलं. सॉन्डर्सवरचा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी म्हणजे माउंट मायकल. त्याची वाफ जहाजावरून दिसते, पण विवराच्या तळाशी काय आहे ते समुद्रावरून कसं दिसणार?

आता लाव्हा सरोवर म्हणजे काय ते थोडक्यात. विवरात लाव्हा साचला की झालं सरोवर, असं नाही. साचलेला लाव्हा वरून थंड होऊन गोठतो. सरोवर टिकायचं तर खालून सतत ताजा शिलारस यायला हवा. तो वर येतो, त्यातले वायू निघून जातात, मग तो जड होऊन पुन्हा खाली बसतो. उकळत्या आमटीसारखं हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहावं लागतं. म्हणूनच अशी टिकाऊ सरोवरं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

बरं, वर चढून वाकून बघितलं म्हणजे प्रश्न मिटतो, असंही नाही. रॉस बेटावरचा एरेबस घ्या. शॅकल्टनच्या मोहिमेतली एजवर्थ डेव्हिड यांची तुकडी १९०८ च्या मार्चमध्ये त्याच्या विवराच्या काठावर पोचली. वाफ हटली तेव्हा त्यांना खोल विवर दिसलं. पण तिथल्या आजच्या लाव्हा सरोवराच्या नोंदी सुरू होतात त्या १९७२ च्या सुमारास. म्हणजे एकदा बघितल्याने फक्त त्या दिवसाचं कळतं.

माउंट मायकलच्या बाबतीत पहिला पुरावा आला तो हवामान उपग्रहांकडून, जे ढग बघायला सोडलेले असतात! ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या लॅक्लन-कोप, स्मेली आणि लॅडकिन यांनी १९९० च्या दशकातली उपग्रहचित्रं तपासली आणि २००१ मध्ये निबंध छापला. या चित्रांतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साधारण एक किलोमीटरचा चौकोन. शंभर-दोनशे मीटरचं सरोवर त्यात दिसणार कसं? आकार दिसत नाही, उष्णता दिसते. बर्फाचं बहुतेक प्रारण दहा-अकरा मायक्रोमीटरच्या आसपास असतं. हजार अंशांवरच्या लाव्हाचं शिखर येतं दोन-अडीच मायक्रोमीटरला. त्यामुळे कमी तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यात थोडासा लाव्हासुद्धा अख्खा चौकोन उजळून टाकतो. अंधाऱ्या मैदानातला एक निखारा लांबून दिसतो, तसंच.

या निबंधाच्या शीर्षकात दोन शब्द आहेत: ‘शोध’ आणि ‘पुन्हा पुन्हा उद्भवणारं’ सरोवर. मला जास्त रस दुसऱ्या शब्दात आहे. एखाद्या दिवशी उष्णता दिसली नाही, तर त्या दिवशी सरोवर नव्हतं की वर ढग होते? अशा ठिकाणी ही शंका टाळताच येत नाही.

२०१९ मध्ये डॅनिएल ग्रे, अलेक्स बर्टन-जॉन्सन आणि पीटर फ्रेटवेल यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. आता लँडसॅट, सेंटिनेल-२ आणि ॲस्टरची कितीतरी बारीक चित्रं होती, २००३ ते २०१८ या काळातली. विवर नीट दिसत होतं अशा प्रत्येक चित्रात उष्णता सापडली. विवराचा तळ ९० ते २१५ मीटर रुंद, लाव्हाचं तापमान ९८९ ते १२७९ अंश सेल्सिअस. ‘पुन्हा पुन्हा उद्भवणारं’ सरोवर आता ‘टिकून राहिलेलं’ झालं, जगातलं आठवं.

माणसं तिथे पोचली त्यानंतर. ज्वालामुखीशास्त्रज्ञ एमा निकल्सन यांच्या मोहिमेला २०२० मध्ये शिखर गाठता आलं नव्हतं. २०२२ च्या नोव्हेंबरात ते जमलं, आणि सरोवर खरोखरच तिथे होतं.

मग श्रेय कुणाचं? बातम्यांना गिर्यारोहण आवडतं, ते साहजिकच आहे. माझं मत विचाराल तर शोध २००१ चा. एक किलोमीटरच्या ठिपक्यावरून त्यांनी जो दावा केला तो खोटा ठरू शकला असता, आणि तो छापायची जोखीम त्यांनी घेतली. २०१९ च्या निबंधाने सरोवर किती काळ टिकतंय ते सांगितलं, जे काठावर उभं राहून एका दिवसात कुणालाच सांगता आलं नसतं.

पुढच्या लेखात वानुआटूमधल्या अंब्रिम बेटाकडे जाऊ. तिथली लाव्हा सरोवरं २०१८ च्या डिसेंबरात बघता बघता रिकामी झाली.