जुन्या बोलपटांची वाट पाहणारे

जुन्या कागदांच्या मागें लागलेला माणूस पुण्यास नवा नाहीं. राजवाड्यांनीं इतिहासाच्या साधनांसाठीं सारा महाराष्ट्र पायांखालीं घातला, १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, १९१७ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभें राहिलें. आणि तेव्हांपासून दफ्तरें, बखरी व पोथ्या हुडकीत फिरणाऱ्या विद्वानांचें या शहरास नवल वाटेनासें झालें. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याच जातीचा एक निराळा गृहस्थ पुण्यांत वाढीस लागला आहे, आणि त्याची दखल इतिहासकारांनीं घ्यावी तितकी अजून घेतलेली नाहीं. हा गृहस्थ जुने चित्रपट जमवितो. त्याच्या कपाटांत व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे अशा नांवांच्या तबकड्या ओळीनें लावलेल्या असतात. आणि असे तिघे-चौघे एकत्र बसले कीं, संभाषण फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतें : आतां पुढें कोणता जुना चित्रपट घरीं आणण्याजोग्या रूपांत निघणार?

हा प्रश्न रिकाम्या वेळेचा आहे असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कोणी काय जपलें, कोणी काय विकलें आणि कोणाच्या हातीं काय राहिलें, याचा पुरता हिशेब मनाशीं असल्यावांचून या बाबतींत शहाणपणाची अटकळ बांधतांच येत नाहीं. आणि असा हिशेब मांडणें हें इतिहासाचेंच काम आहे.

हिशेबांतील पहिली बाब अगदीं साधी, पण सर्वांत कठोर आहे. चित्रपट मुळांत शिल्लक आहे काय ? फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. तो चार रिळांचा होता. आज त्यांतलीं पहिलें आणि शेवटचें अशीं दोनच रिळें पाहावयास मिळतात. आणि तीं तरी मूळ चित्रपटाचीं कीं फाळक्यांनीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचीं, याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट तर नाहींसाच झाला. कर्जापायीं जमीन गमावून शहराकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा. त्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेंत शांताराम होते. जुन्या जाणत्यांनीं ज्याची मुक्तकंठानें स्तुति केली त्या चित्रपटाचें आज आम्हांस केवळ वर्णन वाचावें लागतें. हिंदुस्थानांत बाराशे-तेराशे मूकपट निघाले असावेत असा अंदाज आहे. त्यांपैकीं पुरे वा तुटक मिळून तीसही हातीं राहिलेले नाहींत. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’, जो १४ मार्च १९३१ रोजीं लागला, त्याचीही एक प्रत उरलेली नाहीं.

हें असें कां झालें ? आगींनीं झालें हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली म्हणजे पाण्याखालींही विझत नाहीं, आणि पेटली नाहीं तरी उष्ण व दमट हवेंत हळूहळू कुजून तिची भुकटी होते. परंतु या दोहोंइतकाच मोठा शत्रू म्हणजे चांदी. फिल्मवरील चित्र चांदीच्या कणांचें बनलेलें असतें. चित्रपटाचे दिवस भरले म्हणजे रिळें धुऊन त्यांतली चांदी काढून विकावी, हा धंद्यांतला रोजचा व्यवहार होता. निर्मात्यास त्याबद्दल दोष देणें सोपें आहे. पण जुनी चोपडी रद्दींत घालणारे वाचक आमच्यांत कमी आहेत काय ? शिवाय छापील पुस्तकाची एक प्रत सरकारदरबारीं जावी असा नियम १८६७ सालीं झाला होता, आणि राष्ट्रीय ग्रंथालयास प्रती देण्याचा कायदा १९५४ सालीं झाला. चित्रपटांविषयीं असा सरसकट कायदा या देशांत कधींच झाला नाहीं. जें वांचलें तें कोणाच्या तरी व्यक्तिगत आवडीनें किंवा निव्वळ योगायोगानें वांचलें.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर हा योगायोग प्रभातच्या रूपानें आला. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरास निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पांच भागीदारांनीं काढलेल्या या कंपनीचें वैभव येथें नव्यानें सांगावयास नको. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ला पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान मिळाला, हें तर शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रभातचे चित्रपट सतत चालत राहिले. शहरांतून उतरले तरी संतपट तंबूंतून आणि खेड्यापाड्यांतून फिरत राहिले. त्यामुळें प्रती झिजल्या हें खरें. पण मागणी होती म्हणून नव्या प्रतीही निघत राहिल्या. जो चित्रपट एकदां गाजून लोक विसरले, त्याची प्रत मात्र कोणी काढली नाहीं. आणखी एक गोष्ट संग्राहकास सतत गोंधळांत टाकते. प्रभात बहुधा एकच कथा मराठींत व हिंदींत अशी दोनदां चित्रित करी : ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. हीं भाषांतरें नव्हेत. प्रसंग पुन्हां उभे करून घेतलेले स्वतंत्र चित्रपट होत. एक हातीं आला म्हणून दुसऱ्याचें काम भागत नाहीं, हें जो जाणतो तोच खरा संग्राहक.

कंपनी बंद पडल्यावर तिच्या आवारांत १९६० सालीं सरकारी चित्रपटशिक्षण संस्था आली, आणि १९६४ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यांतच स्थापन झालें. पुढच्या वर्षीं पी. के. नायर तेथें रुजू झाले. या केरळीय गृहस्थानें पुण्यास जें दिलें त्याचें मोल पुण्यानें पुरतें जाणलें असें आम्हांस वाटत नाहीं. १९९१ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां संग्रहालयांत बारा हजारांवर चित्रपट होते, त्यांतले आठ हजारांच्या आसपास हिंदुस्थानी. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचीं रिळें त्यांनींच मिळविलीं. राजवाडे दफ्तरांसाठीं जसे घरोघर गेले, तसेच नायर गोदामांत आणि बंद पडलेल्या प्रयोगशाळांत गेले. ४ मार्च २०१६ रोजीं ते पुण्यांतच वारले.

जमविलेलें सारेंच टिकलें असेंही नाहीं. जानेवारी २००३ मध्यें प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठारास आग लागून हजारो नायट्रेट रिळें जळालीं. त्यांतील पुष्कळ चित्रपटांच्या प्रती आधींच न पेटणाऱ्या फिल्मवर उतरविलेल्या होत्या, म्हणून ते चित्रपट गेले नाहींत. गेलीं तीं मूळ रिळें. पोथीची नक्कल उरली आणि मूळ पोथी गेली, याचें दुःख काय असतें हें पुणेकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां दुसरी बाब : शिल्लक असलेला चित्रपट घरापर्यंत येतो कसा ? १९८० नंतर कॅसेटी आल्या, पुढें व्हीसीडी आल्या, आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनें व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकावयास काढली. त्या दोन-चार वर्षांत मध्यमवर्गीय घरांत जुन्या चित्रपटांची जी आवक झाली तिला तोड नाहीं. स्वस्ताईचे दोषही त्या काळीं बाजारांत पुष्कळ दिसले. कोठें चित्राच्या कोपऱ्यांत विक्रेत्याची मुद्रा, कोठें दोन गाणीं गाळलेलीं, कोठें चौकोनी चित्र ताणून रुंद केल्यामुळें नायिका ठेंगणी व जाड झालेली. आम्हीं तरीही त्या घेतल्या. न घेऊन करतों काय?

त्याच काळांत परदेशांत निराळी रीत रूढ होत होती, आणि तिचें मर्म भांडारकर संस्थेच्या शहरांत चटकन कळावें. सुकथनकरांनीं व त्यांच्या मागून आलेल्यांनीं महाभारताच्या शेंकडों हस्तलिखितांचीं पाठांतरें ताडून संशोधित आवृत्ति सिद्ध केली. ती १९६६ सालीं पुरी झाली. चित्रपटाचा जीर्णोद्धार करणारे लोक अगदीं हेंच करितात. एका प्रतींत एक प्रसंग स्वच्छ असतो, दुसरींत ध्वनि चांगला असतो, तिसरींत तुटलेले दोन फूट सांपडतात; हें सारें ताडून एक पाठ निश्चित करावयाचा आणि त्यासोबत टिपणांची पुस्तिका जोडावयाची. उदय शंकर यांचा १९४८ चा ‘कल्पना’ पुण्याच्या संग्रहालयांतील सामग्रीवरून इटलींतील बोलोन्या येथें दुरुस्त झाला व २०१२ सालीं कान येथें दाखविला गेला. तबकडीवर मात्र तो २०२२ सालीं अमेरिकेंत, इतर पांच देशोदेशींच्या चित्रपटांसह एका पेटींत निघाला. दहा वर्षें ! पुण्यांत जपलेला चित्रपट पुण्याच्या रसिकास सातासमुद्रांपलीकडून मागवावा लागला. आमच्याजवळील मराठी तबकड्यांच्या ढिगांत अशी टिपणांची पुस्तिका एकाही तबकडीसोबत नाहीं.

यावरून संग्राहकांनीं अटकळीचे ठोकताळे बसविले आहेत. एखादा चित्रपट कान, व्हेनिस अथवा बोलोन्याच्या महोत्सवांत ‘नव्या प्रतींत’ दाखविला गेला कीं तो यादींत चढतो. पांच लक्ष शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून काढलेला बेनेगलांचा ‘मंथन’ २०२४ सालीं मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननें दुरुस्त करून कान येथें दाखविला, आणि लगेच जूनमध्यें तो देशांतील चित्रगृहांत लागला. तेव्हां आमच्या परिचयाच्या मंडळींत तबकडीविषयीं पैजा लागल्या होत्या.

पण खरी अडचण तिसऱ्या बाबींत आहे, आणि ती म्हणजे हक्क. संग्रहालयाजवळ प्रत असते. विकण्याचा अधिकार असतोच असें नाहीं. चित्रपटाचा स्वामित्वहक्क आपल्या कायद्यानें साठ वर्षें चालतो. पूर्वीं ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपत आला तेव्हां ती वाढविण्यांत आली. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. तो १९६० सालीं आला. म्हणजे चित्रपट म्हणून त्यावरील हक्क २०२० च्या अखेरीस सरला. परंतु त्याची पटकथा व गीतें माडगूळकरांचीं, संगीत सुधीर फडक्यांचें. लेखक-संगीतकारांच्या कृतींचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षें असतो; माडगूळकर १९७७ सालीं गेले आणि फडके २००२ सालीं. हा धागा सोडवीत बसलें तर २०६२ उजाडेल. आणि समजा सारे हक्क सुटले, तरी मोकळा झालेला चित्रपट म्हणजे मोकळें झालेलें रीळ नव्हे. ज्याच्या कपाटांत चांगली प्रत आहे त्यानें ती द्यावी असें कोणताही कायदा सांगत नाहीं. म्हणून होतें काय, कीं हक्क संपलेल्या चित्रपटाच्या वाईट नकला जिकडेतिकडे सांपडतात आणि चांगली प्रत थंड कोठारांत पडून राहते. वाईट नकला फुकट मिळतात म्हणून चांगल्या प्रतीवर पैसा घालावयास कोणी धजत नाहीं. आणि चांगली प्रत निघत नाहीं म्हणून लोक वाईट नकलांसच मूळ समजतात. आमच्या मतें मराठी चित्रपटाचें सर्वांत मोठें नुकसान आज आगीनें होत नसून या फेऱ्यानें होत आहे. ‘कुंकू’ धूसर व खरखरीत आहे असें जो तरुण आज म्हणतो, त्यानें ‘कुंकू’ पाहिलेला नाहीं. त्याची सावली पाहिली आहे.

२०२२ च्या मेमध्यें सरकारनें राष्ट्रीय चित्रपट वारसा योजनेखालीं ३६३ कोटी रुपये खर्चून सुमारे २२०० चित्रपट दुरुस्त करण्याचें जाहीर केलें. त्याच वर्षीं पुण्याचें संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें. या दोन वार्तांनीं संग्राहकांच्या याद्या नव्यानें लिहिल्या गेल्या. कांहींचें म्हणणें, आतां दरमहा कांहीं ना कांहीं निघेल. कांहींचें म्हणणें, तबकडीचा जमानाच सरला. चित्रपट दुरुस्त होतील, महोत्सवांत दिसतील, कोणत्या तरी वाहिनीवर कांहीं महिने राहून नाहींसे होतील, आणि कपाटांत ठेवण्याजोगें कांहीं हातीं येणार नाहीं. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. जें घरीं ठेवतां येत नाहीं तें जपण्याची सवय घरास लागत नाहीं. आणि जें वांचलें आहे तें कोणीं तरी घरीं ठेविलें म्हणून वांचलें आहे. १९१९ चा ‘बिल्वमंगल’ हा मूकपट पॅरिसच्या संग्रहालयांत ५९४ मीटर सांपडला. २०१६ सालीं पुण्यानें १९३१ चा ‘जमाईबाबू’ देऊन त्याची नक्कल मिळविली. दोन संग्रहालयांनीं पोथीची अदलाबदल करावी तसा हा व्यवहार झाला, तोही मूळ चित्रपटाच्या एक-षष्ठांशाहून थोड्याशा कमीच भागासाठीं.

आमच्या मंडळींतील पैज सध्यां ‘संत तुकाराम’वर लागलेली आहे. २०३६ सालीं त्यास शंभर वर्षें होतील. तोंवर त्याची उत्तमोत्तम प्रतींवरून ताडलेली, टिपणांसह छापलेली आवृत्ति निघेल असें एक पक्ष म्हणतो, आणि नुसता टपालाचा शिक्का निघेल असें दुसरा.