दोन दंड : सोलापूर परिसरातील मनोनियमनाचा इतिहास

भावनेला आवर घालणे म्हणजे मनोनिग्रह, आणि तो ज्याचा त्याने एकट्याने, निश्चयाच्या बळावर करावयाचा असतो, अशी समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. सोलापूर शहर आणि त्याच जिल्ह्यातील पंढरपूर येथील जुन्या चालीरीती पाहिल्या, तर मात्र राग, शोक, भीती आणि उन्माद यांना वळण लावण्याचे काम तेथे शतकानुशतके शरीराकडून, आणि तेही चारचौघांत, करवून घेतले गेले असे दिसते. या परंपरेच्या दोन खुणा आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत : सोलापूरच्या गड्डा यात्रेत ज्याचा विवाह लागतो तो सिद्धरामेश्वरांचा योगदंड, आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात जो वर उचलताच हजारो टाळ एकदम थांबतात तो चोपदाराचा दंड.

या चालीरीतींचा शरीराशी असलेला संबंध कळण्यासाठी चेतासंस्थेची थोडी ओळख आवश्यक आहे. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, पचन, घाम अशी जी कामे माणसाच्या इच्छेची वाट न पाहता चालतात, त्यांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेला केंब्रिजचे शरीरक्रियावैज्ञानिक जॉन लँगली यांनी १८९८ मध्ये स्वायत्त चेतासंस्था असे नाव दिले. तिच्या दोन प्रमुख शाखांपैकी अनुकंपी शाखा धोक्याच्या किंवा संतापाच्या क्षणी ठोके वाढवून शरीराला झुंजीसाठी अथवा पळण्यासाठी सज्ज करते, तर परानुकंपी शाखा, विशेषतः मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस या चेतेमार्फत, तो वेग खाली आणते. ठोके थेट हुकमाने कमी करता येत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही लांबवता येतो, आणि उच्छ्वासाच्या वेळी व्हेगसचा अंमल वाढून ठोके किंचित मंदावत असल्यामुळे श्वास हीच या स्वायत्त कारभारात शिरण्याची सर्वांत सोपी वाट ठरते.

सोलापूरचे ग्रामदैवत असलेले सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील कन्नड वचनकार शिवशरण होत. सोन्नलिगे, म्हणजेच आजचे सोलापूर, येथे त्यांनी तलाव खोदवला आणि परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. चामरसाच्या ‘प्रभुलिंगलीले’ या पंधराव्या शतकातील कन्नड काव्यात आणि ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग विस्ताराने येतो. तलावाचे काम चालू असताना शिवशरण अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख ‘वड्ड’, म्हणजे दगडमातीचे काम करणारा, असा तुच्छतेने केला. चिडलेल्या शिष्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला आणि स्वतः सिद्धरामांनीही क्रोधाच्या भरात तिसरा डोळा उघडला, पण त्या अग्नीने अल्लमांना काहीच झाले नाही. पुढे दोघांत झालेल्या संवादातून सिद्धरामांना आपल्या साधनेतील उणीव उमगली आणि ते कल्याणला जाऊन चन्नबसवण्णांकडून दीक्षित झाले. हा प्रसंग इतिहास म्हणून नव्हे, विचार म्हणून वाचावयाचा आहे. लोकोपयोगी कामात आयुष्य वेचणाऱ्या सत्पुरुषालाही अपमान सहन होत नाही, आणि सत्कर्माने राग आपोआप विरघळत नाही, ही गोष्ट परंपरेने आपल्या आराध्याच्याच चरित्रात न लपवता नोंदवून ठेवली, हे महत्त्वाचे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेत भोगीच्या दिवशी तलावाजवळील संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो. सिद्धरामांशी विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी त्यामागची आख्यायिका आहे. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज तोलत मिरवणुकीने आणतात आणि संमती वाचनानंतर जमलेला समुदाय अक्षता टाकतो. ज्या योगदंडाभोवती हा सोहळा फिरतो तो मुळात साधकाचे एक साधन आहे. समर्थ रामदासांच्या चित्रांत दिसणाऱ्या कुबडीच्याच जातीचा हा आखूड दंड काखेत घेऊन त्यावर भार टाकला, की काही वेळाने विरुद्ध बाजूची नाकपुडी मोकळी होते, हा हठयोग्यांचा अनुभव होता. नाकाच्या आतील अस्तरात रक्ताने फुगणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे असते, अनुकंपी चेतातंतू ते आकुंचित करतात आणि दिवसभरात दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने मोकळ्या होत राहतात. हे नासाचक्र जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये वर्णिले, आणि काखेवर दाब दिल्याने त्यात बदल होतो हे पुढे प्रयोगांतही आढळले. डावा स्वर, म्हणजे डाव्या नाकपुडीतून वाहणारा श्वास, शांत करणारा आणि उजवा उत्तेजक, हा स्वरशास्त्राचा सिद्धान्त प्रयोगशाळेत तितक्या निःसंदिग्धपणे सिद्ध झालेला नाही. तरीही बाहेरच्या लाकडी दांड्याने आतल्या स्वायत्त व्यवस्थेला स्पर्श करता येतो, इतके योग्यांनी अचूक हेरले होते. सोलापुरात तो दंड एका साधकाच्या काखेतून निघून साऱ्या गावाच्या उत्सवात आला.

योगदंडाची वाट थोड्या साधकांची, तर पंढरीच्या वारीची वाट सर्वांची. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारी असलेले, साताऱ्याकडील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभारून त्याला शिस्त लावली. रथाच्या पुढे आणि मागे ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या दिंड्या, प्रत्येक दिंडीत विणेकरी, पखवाजवादक आणि टाळकरी, पहाटे काकडा, वाटेत वारांचे अभंग आणि संध्याकाळी हरिपाठ, ही घडी आजतागायत टिकून आहे. वीणा उभ्याने सांभाळणारा, टाळावर पाऊल टाकणारा आणि मागून ध्रुवपद उचलणारा हे सारे एका लयीत बांधलेले असल्यामुळे घरचे दुःख, कर्ज वा वियोग बरोबर घेऊन निघालेल्या वारकऱ्याला त्याविषयी काही बोलावे लागत नाही. त्याच्या पावलाला आणि श्वासाला शेजाऱ्याची गती मिळते.

पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर पुढील मुक्कामांत भावनेचे चढउतार जणू मुद्दाम रचलेले दिसतात. सदाशिवनगरजवळच्या पुरंदावडे येथे आणि खुडूस फाट्यावर गोल रिंगण होते : मोकळ्या मैदानात प्रथम पताकावाले, डोईवर तुळशी घेतलेल्या स्त्रिया, टाळकरी आणि विणेकरी धावतात, मग स्वाराचा अश्व आणि ज्यावर माऊली आरूढ असल्याचे मानतात तो रिकाम्या पाठीचा अश्व दौड घेतात, आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. त्यानंतर पालखीभोवती दाटीवाटीने बसलेले टाळकरी पखवाजाच्या बोलावर बसत, झुकत, उसळत उडीचा खेळ करतात, आणि तो संपला की दिंड्या पुन्हा संथ पावलांवर येतात. वेळापूरजवळच्या उतारावर होणारा ‘धावा’ हाही असाच : तेथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले या श्रद्धेने समुदाय टेकडीवरून धाव घेतो. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे अनुकंपी शाखेला पूर्ण वाव देऊन, मग तालाच्या आधाराने तिला उतरू दिले जाते. आवेग दाबून ठेवण्याऐवजी त्याला जागा, वेळ आणि शेवट नेमून देण्याची ही रीत आहे.

याच सोहळ्यातील समाजआरती या विधीत रागाची व्यवस्था लावलेली आढळते. मुक्कामी पोहोचल्यावर सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहून टाळ वाजवीत असतात. चोपदार दंड उंचावून आरोळी देतो आणि त्या क्षणी सारा समाज निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवणे थांबवीत नाही. त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, त्यावर निर्णय होतो, आणि मगच आरती सुरू होते. हजारोंच्या शांततेत एकाच दिंडीचे टाळ खणखणत राहावेत आणि ते थांबेपर्यंत सर्वांनी तिष्ठत उभे राहावे, या रीतीत रागाला शिवीगाळ किंवा हाणामारीकडे न जाऊ देता तालाचे रूप दिले आहे, आणि ऐकून घेतल्याखेरीज शांतता पुरी होत नाही हा न्यायही पाळला आहे.

विसाव्या शतकात या जुन्या रीतींकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून आसने व प्राणायाम यांचे प्रयोगसिद्ध निष्कर्ष मांडण्यास आरंभ केला, तर मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कुंडलिनी म्हणजे व्हेगस चेताच होय, असे धाडसी समीकरण मांडले. ते समीकरण टिकले नाही, पण व्हेगसकडे बोट दाखवण्यात त्यांची दिशा चुकली नव्हती. इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र या दोहोंच्या पठणाने श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावतो आणि रक्तदाबाचा तोल राखणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक सक्षम होते, असे आढळले. हरिपाठ त्या प्रयोगात नव्हता. तथापि सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा, अशी त्याच्या अभंगांची बांधणी, आणि प्रत्येक कडव्यानंतर समूहाने उचललेले ध्रुवपद, यांतून गाणाऱ्याला ठरावीक अंतराने दीर्घ उच्छ्वास घडतो, हे कोणत्याही दिंडीत कानांनी पडताळता येते.

या परंपरेची मर्यादाही पंढरपुरातच दिसून आली. चंद्रभागेच्या वाळवंटात एका तालावर नाचणाऱ्या समाजाने विठ्ठलाच्या दारात मात्र अस्पृश्यांना शतकानुशतके अडवले. मंगळवेढ्याचे चोखोबा संत म्हणून वंदनीय ठरले तरी त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा कुठे मंदिर हरिजनांना खुले झाले. अन्यायाने उठलेला क्षोभ केवळ टाळाच्या नादात शमवून चालत नाही, त्याच्या कारणाला हात घालावा लागतो, ही समाजआरतीतील शिकवण देवळाच्या उंबऱ्यावर पाळली गेली नव्हती.

म्हणून या दोन दंडांचा अर्थ एकत्रच लावला पाहिजे. योगदंड सांगतो की मनाची वाट श्वासातून, म्हणजे शरीरातून जाते. चोपदाराचा दंड सांगतो की शांतता ही समाजाने मिळून राखावयाची गोष्ट आहे आणि ती मागण्याआधी गाऱ्हाणे ऐकावे लागते. मनःशांतीचे वर्ग आज शहरोशहरी निघत असताना त्यांत पहिल्या दंडाचे धडे भरपूर मिळतात, दुसऱ्याचे क्वचितच. आणि सोलापूरच्या इतिहासाने दिलेला कौल असा आहे की दुसऱ्यावाचून पहिला अपुरा आहे.