आरशासमोरचे काकासाहेब : मराठी पटकथेतील दृश्यरूपकाविषयी

मराठी चित्रपटाच्या समीक्षेत पटकथेचा विचार बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबतो. एक तर ती कादंबरीचे रूपांतर म्हणून तपासली जाते, नाही तर संवादांची संहिता म्हणून वाचली जाते. व्यक्तिरेखेच्या मनातील गोष्ट एखाद्या वस्तूत कशी ठेवली गेली, हा प्रश्न दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकून समीक्षक मोकळा होतो. ‘प्रभात’च्या दोन चित्रपटांची तुलना केली असता ही वाटणी किती अपुरी आहे, ते ध्यानात येते.

‘अमृतमंथन’ (१९३४) हा कोल्हापूरहून पुण्यास आल्यानंतरचा ‘प्रभात’चा पहिला चित्रपट. ‘कुंकू’ त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ मध्ये आला. दोहोंचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि दोहोंच्या मुळाशी नारायण हरी आपटे यांच्या कादंबऱ्या : पहिल्यासाठी ‘भाग्यश्री’, दुसऱ्यासाठी ‘न पटणारी गोष्ट’. मराठी आवृत्त्यांत राजगुरू आणि काकासाहेब या दोन्ही भूमिका केशवराव दात्यांनीच केल्या. लेखक, दिग्दर्शक आणि नट तेच असताना दृश्यरूपकाचे कार्य मात्र मुळातून बदललेले दिसते.

‘अमृतमंथन’मधील राजगुरूचा पडदाभर पसरलेला डोळा हा चित्रपटेतिहासातील बहुचर्चित क्षण आहे. दूरवेधी भिंगाचा तो उपयोग त्या काळी नवाच होता व त्याचे कौतुक यथार्थ आहे. परंतु व्यक्तिरेखाटनाच्या दृष्टीने पाहता तो डोळा आपल्याला नवे असे काय सांगतो? राजगुरू धर्मांध आहे, बळींवर बंदी घालणाऱ्या राजाच्या जिवावर तो उठला आहे, हे कथानकातून कळतेच. डोळा ते मोठ्या अक्षरांत लिहितो, इतकेच. आयझेनस्टाइनच्या ‘ऑक्टोबर’मध्ये (१९२८) केरेन्स्कीच्या दृश्यांना यांत्रिक मोराची दृश्ये जोडलेली आहेत, तीही याच जातीची. केरेन्स्कीला त्या मोराविषयी काही वाटण्याचा प्रश्नच येत नाही. तो मोर म्हणजे दिग्दर्शकाने समासात लिहिलेला शेरा आहे. अशा रूपकाने व्यक्तिरेखेवर निवाडा होतो; तिचा उलगडा होत नाही.

‘कुंकू’त हा शेरा समासातून निघून घरात येतो. काकासाहेब वकील आहेत, वृद्ध आहेत, विधुर आहेत. फसवणुकीने त्यांच्या गळ्यात बांधली गेलेली तरुण नीरा (शांता आपटे) त्यांना पती मानण्यास ठाम नकार देते. पटकथेने काकासाहेबांना खलपुरुष केले असते तर काम सोपे झाले असते. तसे न करता तिने त्यांच्याभोवती काही वस्तू मांडल्या : भिंतीवरचे लंबकाचे जुने घड्याळ, मिशांना लावायचा कलप, आरसा. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले नैसर्गिक आवाज तेवढे आहेत. त्यामुळे घड्याळाची टिकटिक ही त्या घरातील एका पात्रासारखी वावरते. आणि घड्याळ काकासाहेबांचेच आहे. बाहेरून कुणी त्यांचे वय त्यांना सांगत नाही.

आरशाचा प्रसंग याहून पुढे जातो. मराठी घरात आरसा ही फणी-करंड्याबरोबरची वस्तू. कुंकू रेखण्यासाठी स्त्री त्याच्यासमोर बसते आणि तिचे सौभाग्य तिथे रोज नव्याने लिहिले जाते. ‘कुंकू’ नावाच्या चित्रपटात त्या आरशासमोर आणून बसवला आहे तो पुरुष, आणि तोही आपले वय पुसण्यासाठी. ही अदलाबदल मला फार महत्त्वाची वाटते. (लाकाँच्या आरशाची आठवण इथे काढण्याचा मोह टाळलेलाच बरा, काकासाहेबांना मूल व्हायचे नाही, तरुण व्हायचे आहे.) आरसा फुटतो आणि तुकड्यातुकड्यांतून त्यांचीच प्रतिबिंबे त्यांची टर उडवू लागतात. पाहणारा आणि पाहिला जाणारा इथे एकच आहे. राजगुरूच्या डोळ्याला हे कधीच साधले नसते, कारण तो डोळा जगाकडे पाहतो, स्वतःकडे नाही. दोन्ही पात्रे अखेर स्वतःच्याच हाताने मरतात. राजगुरूचा आत्मबळी त्याच्या पंथनिष्ठेला साजेसाच आहे. काकासाहेबांचा मृत्यू मात्र त्या आरशाशिवाय समजत नाही. नीरेला पुनर्विवाहास मुभा देणारे त्यांचे पत्र केवळ सुधारकी उपदेश वाटू नये, याची तजवीज पटकथेने शब्दांपूर्वीच करून ठेवलेली आहे.

डोळ्याची प्रतिमा शांतारामांकडे पुन्हा आली ती ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये (१९५७), ग. दि. माडगूळकरांच्या पटकथेतून. औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील मुक्त वसाहतीचा प्रयोग तिच्यामागे आहे आणि माडगूळकर त्याच मुलखातले. आदिनाथचे डोळे कैद्यांची पाठ सोडत नाहीत. रूपक एकाच्या देहाचे, उलगडा मात्र इतरांचा. तरीही आदिनाथ स्वतः सपाटच राहतो, आणि चित्रपटाची ही मर्यादा गौरवाच्या भरात झाकली गेली आहे असे माझे मत आहे.

पुढे तेंडुलकरांच्या ‘सामना’मध्ये (१९७५) हे काम एका शाब्दिक प्रश्नाने केले. मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न हिंदुरावाभोवती तसाच फिरतो, जसे घड्याळ काकासाहेबांभोवती. नाट्यलेखनातून आलेल्या पटकथेची ती ताकद, आणि सवयही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) मात्र आतापर्यंतच्या विवेचनालाच आव्हान दिले. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याला ज्या प्रतिमेत स्वतःला पाहायचे आहे ती काळी चिमणी. तिची राख शालूला वश करील अशी त्याची समजूत आहे. गावाने त्याच्यावर लादलेली प्रतिमा डुकराची. पहिली त्याने निवडलेली, दुसरी जातीने दिलेली, आणि पटकथा दोहोंमधले अंतर मोजत राहते. काकासाहेबांचा आरसा त्यांच्या घरातला होता, त्यांनी विकत आणलेला होता. जब्याला गावाचे डोळेच आरसा म्हणून मिळतात. डुक्कर काठीला बांधून कुटुंब ज्या भिंतीवरून जाते तिच्यावर बाबासाहेबांचे चित्र आहे. जब्या त्या भिंतीकडे पाहत नाही. ओझे खांद्यावर असते आणि वर्गमित्र मागे असतात. या पटकथेतील सर्वांत कठोर दृश्यरूपक पात्राच्या लक्षात न येताच निघून जाते, आणि ‘ऑक्टोबर’च्या मोराप्रमाणे हाही समासातला शेराच, अशी शंका क्षणभर येते. पण मग जब्या दगड उचलतो, आणि तो पडद्याच्या दिशेने, पाहणाऱ्यांच्या अंगावर येतो.